ॲपल क्रंबल

ॲपल क्रंबल हा सफरचंदाच्या फोडींवर पीठ, बटर आणि साखर यांचा भुरभुरीत थर पसरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ आहे. तो मूळचा ब्रिटनमधील असून तेथे मुख्य जेवणानंतर गरमागरम वाढला जातो. सोबत बहुधा कस्टर्ड, साय किंवा आइसक्रीम असते. खाली मऊ, आंबटगोड फळ आणि वर खुसखुशीत चुरा एवढीच त्याची रचना आहे. त्यात अंडी नसतात आणि पीठ फुगवावे लागत नाही. त्यामुळे केकच्या तुलनेत या पदार्थातील घटक बदलणे सोपे जाते. साखर, मैदा आणि बटर कमी करून किंवा त्यांच्या जागी अन्य घटक वापरून तो अधिक आरोग्यदायी करण्याचे अनेक प्रयोग घरोघरी होतात. मात्र प्रत्येक बदलाने पोषणमूल्य सुधारतेच असे नाही. काही बदलांनी केवळ घटकाचे नाव बदलते.

== नाव आणि तत्सम पदार्थ ==

इंग्रजीतील 'क्रंबल' या शब्दाचा अर्थ चुरा होणे किंवा चुरणे असा आहे. वरच्या थराच्या स्वरूपावरून हे नाव पडले. जर्मनीत केकवर घातल्या जाणाऱ्या अशाच चुऱ्याला 'श्ट्रॉयझल' म्हणतात. तो शब्द विखुरणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे.

अमेरिकेत याच जातीच्या पदार्थाला 'ॲपल क्रिस्प' म्हणतात आणि त्याच्या चुऱ्यात बहुधा ओट्स असतात. 'कॉब्लर' या पदार्थात फळावर चुऱ्याऐवजी मऊ पिठाचे गोळे ठेवतात, तर 'ब्राउन बेट्टी'मध्ये फळ आणि पावाचा चुरा यांचे आलटून पालटून थर देतात. पायमध्ये मात्र लाटलेल्या पोळीचे आवरण असते. त्यामुळे त्याला अधिक पीठ, अधिक स्निग्ध पदार्थ आणि अधिक कौशल्य लागते.

== इतिहास ==

क्रंबलचा ब्रिटनमधील प्रसार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला, असे सामान्यतः मानले जाते. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी बटर, साखर आणि बेकन यांचे रेशनिंग सुरू झाले. शिध्याचे प्रमाण काळानुसार बदलत असे, तरी प्रौढ व्यक्तीला आठवड्याला साधारण २ औंस (सुमारे ५७ ग्रॅम) बटर आणि ८ औंस (सुमारे २२७ ग्रॅम) साखर मिळे. एवढ्या शिध्यात पायचे आवरण करणे परवडत नसे. फळावर नुसता चुरा पसरला की कमी पिठात आणि कमी स्निग्ध पदार्थात काम भागे. बटर पुरेसे नसेल तर मार्जरीन चाले आणि पिठात ओट्स मिसळून त्याचा पुरवठा वाढवता येई.

१९४२ पासून ब्रिटनमध्ये गव्हाचा ८५ टक्के भाग राखणारे, म्हणजे कोंड्याचा काही अंश असलेले पीठ सर्वत्र वापरात आले. त्यामुळे त्या काळातील क्रंबल आजच्या मैद्याच्या क्रंबलपेक्षा करड्या रंगाचा आणि अधिक तंतुमय असे. साखरेचे रेशनिंग १९५३ मध्ये संपले आणि जुलै १९५४ मध्ये रेशनिंगची संपूर्ण व्यवस्था बंद झाली. त्यानंतर साखर आणि बटर यांचे प्रमाण मोकळेपणाने वाढले. आरोग्यासाठी आज सुचवले जाणारे बरेचसे बदल, उदाहरणार्थ ओट्स, कोंड्यासह पीठ आणि कमी साखर, युद्धकाळात टंचाईमुळे घरोघरी केले जातच होते.

== रचना आणि भाजताना होणारे बदल ==

घटक बदलण्यापूर्वी प्रत्येक घटक कोणते काम करतो हे लक्षात घेणे आवश्यक असते.

फळ: सफरचंद तापल्यावर त्याच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन सैल होते, फोडी मऊ पडतात आणि रस सुटतो. ब्रिटनमध्ये क्रंबलसाठी 'ब्रॅमली' या जातीचे सफरचंद विशेष पसंत केले जाते. या जातीचे पहिले झाड नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल येथे १८०९ मध्ये लावलेल्या बियांपासून उगवले. ब्रॅमली अत्यंत आंबट असते आणि शिजल्यावर त्याचा लगदा होतो. मूळ पाककृतींत फळावर भरपूर साखर घातली जाते, त्याचे मुख्य कारण हा आंबटपणा आहे.

स्निग्ध पदार्थ: थंड बटर पिठात बोटांनी चोळले की पिठाच्या कणांवर त्याचे आवरण बसते. त्यामुळे पाण्याशी संयोग होऊन ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होण्यास अटकाव होतो आणि भाजल्यावर थर खुसखुशीत लागतो. शंकरपाळी किंवा करंजीच्या पिठात घातले जाणारे मोहन हेच कार्य करते. मूठ दाबली असता मुटका वळावा आणि बोट लावताच तो फुटावा, ही मोहनाची परीक्षा क्रंबलच्या चुऱ्यालाही लागू पडते.

साखर: साखर गोडी देते. त्याखेरीज ती भाजताना वितळते, थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होऊन चुऱ्याला कुरकुरीतपणा देते आणि तांबूस रंग येण्यासही मदत करते. म्हणून साखर पूर्णपणे वगळल्यास चुरा फिकट आणि पिठूळ राहतो.

== घटकांचे पर्याय ==

=== साखर ===

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 'मुक्त शर्करा' दैनंदिन ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ती ५ टक्क्यांखाली आणल्यास आणखी लाभ संभवतो. दिवसाला २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी या मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. मुक्त शर्करा म्हणजे पदार्थात वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातील शर्करा. अखंड फळातील शर्करा यात मोजली जात नाही.

या व्याख्येमुळे एक प्रचलित समज तपासून पाहावा लागतो. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला की पदार्थ आरोग्यदायी झाला, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु गुळाचा मोठा भाग सुक्रोजचाच, म्हणजे साखरेचाच असतो. १०० ग्रॅम मधात सुमारे ८२ ग्रॅम शर्करा असते. गुळात लोह आणि अन्य खनिजे काही प्रमाणात असतात, पण एका वाढणीत येणाऱ्या सहा-सात ग्रॅम गुळातून त्यांचा लाभ नगण्य ठरतो. गुळाची किंवा मधाची चव आवडते म्हणून तो जरूर वापरावा. मुक्त शर्करा कमी होते ती मात्र घटक बदलल्याने नव्हे, तर एकूण प्रमाण घटवल्याने.

प्रमाण घटवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे फळावरची साखर वगळणे. सफरचंद मुळात गोड जातीचे असेल तर तिची गरज नसते. दुसरा म्हणजे चुऱ्यातील साखर सुमारे निम्मी करणे. चुऱ्याचा कुरकुरीतपणा त्यामुळे थोडा कमी होतो, पण टिकून राहतो. दालचिनी, वेलची किंवा जायफळ यांचा सुगंध आणि चिमूटभर मीठ यांमुळे कमी झालेली गोडी फारशी जाणवत नाही.

बेदाणे किंवा खजूर यांनीही गोडी येते. त्यांत तंतुमय पदार्थ असतात हे खरे, पण खजुराच्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग शर्करेचा असतो. त्यामुळे तेही मापातच घालावे लागतात.

स्टीव्हिया किंवा सुक्रालोज यांसारखी गोडी आणणारी द्रव्ये साखरेचे एकच काम करतात. ती गोडी देतात, पण आकारमान, रंग आणि कुरकुरीतपणा देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी अशा द्रव्यांचा वापर न करण्याची शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींना ती शिफारस लागू नाही.

=== पीठ ===

१०० ग्रॅम मैद्यात सुमारे ३ ग्रॅम, तर तेवढ्याच कणकेत आणि ओट्समध्ये प्रत्येकी सुमारे १० ते ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. ऊर्जा मात्र तिन्हींत फारशी वेगळी नाही. ती १०० ग्रॅमला साधारण ३४० ते ३९० किलोकॅलरी असते. म्हणजे या बदलाने कॅलरी घटत नाहीत, तंतुमय पदार्थ वाढतात.

ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू दिवसाला ३ ग्रॅम घेतल्यास रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, हे युरोप आणि अमेरिकेतील नियामक संस्थांनी मान्य केले आहे. मात्र ओट्समध्ये त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के असते. खाली दिलेल्या प्रमाणातील क्रंबलच्या एका वाढणीत १५ ग्रॅम ओट्स, म्हणजे जेमतेम ०.६ ग्रॅम बीटा-ग्लुकन येते. त्यामुळे क्रंबल हा कोलेस्टेरॉलवरचा उपाय ठरत नाही.

केवळ ओट्सचा चुरा एकसंध होत नाही. म्हणून त्यात थोडी कणीक लागते. कणकेऐवजी ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ वापरता येते. त्यांत ग्लूटेन नसते आणि क्रंबलला ते लागतही नाही, त्यामुळे पोळी-भाकरीत जाणवणारा फरक येथे अडचणीचा ठरत नाही. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिच्यामुळे चुऱ्याला गडद रंग आणि किंचित खमंग चव येते.

=== स्निग्ध पदार्थ ===

बटरमध्ये सुमारे ८१ टक्के स्निग्धांश असून बटरच्या एकूण वजनाच्या सुमारे ५१ टक्के, म्हणजे स्निग्धांशाचा निम्म्याहून बराच अधिक भाग, संपृक्त असतो. साजूक तुपात संपृक्त स्निग्धांशाचे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर आणि खोबरेल तेलात ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे बटरऐवजी खोबरेल तेल वापरल्याने संपृक्त स्निग्धांश कमी न होता वाढतो.

सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेलात संपृक्त भाग बराच कमी असतो. परंतु तेल द्रव असल्याने त्याचे गोळे पिठात टिकत नाहीत आणि केवळ तेलावर केलेला चुरा वाळूसारखा होतो. थोडे बटर आणि थोडे तेल असे मिश्रण घेतले की चव व पोत राखून संपृक्त स्निग्धांश घटवता येतो. भरड कुटलेले बदाम किंवा अक्रोड घातल्यास त्यांतील तेलही मोहनाला हातभार लावते.

केकमध्ये स्निग्ध पदार्थाऐवजी सफरचंदाचा शिजवलेला गर किंवा कुस्करलेले केळे घालण्याची पद्धत आहे. क्रंबलच्या चुऱ्यात ती उपयोगी पडत नाही, कारण गरातील पाण्याने पीठ चिकट होते आणि थर खुसखुशीत न होता लगद्यासारखा बसतो.

=== फळ ===

सफरचंद सालासकट घेणे हा सर्वांत सोपा बदल आहे. १०० ग्रॅम सोललेल्या सफरचंदात सुमारे १.३ ग्रॅम, तर सालासकट सफरचंदात सुमारे २.४ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. पातळ चिरल्यास भाजल्यानंतर साल दाताखाली येत नाही. नाशपाती, आलूबुखार, पीच आणि अननस यांचाही क्रंबल होतो. स्ट्रॉबेरीसारख्या अधिक रस सुटणाऱ्या फळावर चमचाभर कॉर्नफ्लॉवर भुरभुरावे लागते.

== प्रमाण आणि कृती ==

सहा जणांसाठी एका प्रचलित पारंपरिक क्रंबलचे आणि एका बदललेल्या क्रंबलचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

पारंपरिक: सोललेल्या सफरचंदाच्या फोडी ८०० ग्रॅम, मैदा १८० ग्रॅम, बटर ९० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम (चुऱ्यात ९० आणि फळावर ६०).

बदललेले: सालासकट सफरचंदाच्या फोडी ८०० ग्रॅम, बेदाणे ३० ग्रॅम, ओट्स ९० ग्रॅम, कणीक ६० ग्रॅम, भरड बदाम ४० ग्रॅम, बटर ३० ग्रॅम, सूर्यफूल तेल २० ग्रॅम, साखर किंवा गूळ ४० ग्रॅम, एका लिंबाचा रस, दालचिनी पूड एक छोटा चमचा आणि चिमूटभर मीठ. बाजारातील बटर खारट असल्यास मीठ वगळतात.

प्रथम फोडींना लिंबाचा रस, दालचिनी आणि बेदाणे लावून त्या ओव्हनमध्ये चालणाऱ्या भांड्यात पसरतात. कणकेत थंड बटर बोटांनी चोळून रवाळ करतात. नंतर त्यात ओट्स, बदाम, साखर आणि तेल मिसळतात. मिश्रण अगदीच कोरडे वाटल्यास चमचाभर पाणी शिंपडतात. हा चुरा फळावर न दाबता सैल पसरतात, कारण दाबल्यास वाफ कोंडून थर ओला राहतो. १८० अंश सेल्सिअसला आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये ३५ ते ४५ मिनिटे भाजल्यावर कडेने रस खदखदू लागतो आणि वरचा थर तांबूस होतो. गूळ वापरल्यास रंग लवकर येतो, म्हणून शेवटची दहा मिनिटे लक्ष ठेवावे लागते. ओव्हनमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबल्यास रस दाटतो.

== पोषणमूल्यांची तुलना ==

वरील प्रमाणांवरून प्रत्येक वाढणीसाठी (एकूण पदार्थाचा सहावा भाग) काढलेली अंदाजे मूल्ये अशी आहेत. बदललेल्या प्रमाणात साखर वापरली आहे असे धरले आहे.

| घटक | पारंपरिक | बदललेले |
|---|---|---|
| ऊर्जा (किलोकॅलरी) | ३८० | ३०५ |
| मुक्त शर्करा (ग्रॅम) | २५ | ७ |
| एकूण कर्बोदके (ग्रॅम) | ६५ | ४८ |
| एकूण स्निग्धांश (ग्रॅम) | १३ | १२ |
| संपृक्त स्निग्धांश (ग्रॅम) | ८ | ३.५ |
| तंतुमय पदार्थ (ग्रॅम) | २.५ | ७ |

पारंपरिक क्रंबलच्या एकाच वाढणीत २५ ग्रॅम मुक्त शर्करा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली अधिक कडक मर्यादा पूर्ण होते. बदललेल्या प्रमाणात ती चौथ्या हिश्शाच्या आसपास येते, संपृक्त स्निग्धांश निम्म्याहून कमी होतो आणि तंतुमय पदार्थ जवळपास तिप्पट होतात. ऊर्जा मात्र सुमारे एक-पंचमांशानेच घटते आणि एकूण स्निग्धांश जवळजवळ तेवढाच राहतो, कारण बटरची जागा तेल आणि बदाम घेतात. म्हणजे बदललेला क्रंबल गुणवत्तेने सुधारतो, पण तो कमी कॅलरीचा पदार्थ होत नाही. दुप्पट वाढून घेतल्यास ऊर्जा पारंपरिक क्रंबलच्या एका वाढणीपेक्षा बरीच अधिक होते.

सोबत काय वाढले जाते यावरही हा हिशोब अवलंबून असतो. आइसक्रीम किंवा गोड कस्टर्ड घेतल्यास चुऱ्यातून वाचवलेल्या साखरेचा मोठा भाग परत येतो. साखर न घातलेले घट्ट दही किंवा चक्का हा त्याला सुटसुटीत पर्याय आहे. त्याचा आंबटपणा गोड सफरचंदाशी जुळतो.

== महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात ==

महाराष्ट्रातील बाजारात मिळणारी सफरचंदे प्रामुख्याने काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातून येणारी, लाल आणि गोड जातींची असतात. ब्रॅमलीच्या आंबटपणासाठी आखलेले साखरेचे प्रमाण या फळांना तसेच लागू केल्यास पदार्थ बेसुमार गोड होतो. येथे साखर वगळून उलट लिंबाचा रस घालणे योग्य ठरते. ही सफरचंदे शिजल्यावर लगदा न होता फोडींच्या रूपात राहतात, त्यामुळे ती पातळ चिरावी लागतात.

ओव्हन नसलेल्या घरांत जाड बुडाच्या कढईत वाळू किंवा मीठ तापवून, वर झाकण ठेवून केक भाजण्याची रीत आहे. तीत उष्णता मुख्यतः खालून मिळते आणि झाकणाखाली वाफ साठते, म्हणून क्रंबलचा वरचा थर तांबूस होत नाही. अशा वेळी चुरा तव्यावर मंद आचेवर खमंग परतून घेतात, फोडी वेगळ्या वाफवतात आणि वाढताना चुरा वर पसरतात. नुसत्या मायक्रोवेव्हमध्येही हीच युक्ती लागते. कन्व्हेक्शनची सोय असलेल्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र पदार्थ नेहमीप्रमाणे भाजता येतो.

== खबरदारी ==

बदललेल्या प्रमाणातही एका वाढणीत सुमारे ४८ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यामुळे मधुमेही व्यक्तींनी 'साखर कमी' या शब्दांवर विसंबून न राहता वाढणीचे माप आणि जेवणातील अन्य कर्बोदके लक्षात घेणे आवश्यक असते. गूळ किंवा मध घातल्याने हा नियम शिथिल होत नाही.

ग्लूटेन वर्ज्य असलेल्या सीलिॲक रुग्णांना कणीक चालत नाही. ओट्सवर प्रक्रिया करताना त्यांत गव्हाची भेसळ होऊ शकते. त्यामुळे ग्लूटेनमुक्त असल्याचे वेष्टनावर स्पष्ट नमूद असलेले ओट्सच वापरतात, आणि काही रुग्णांना तेही सोसत नाहीत. बदाम-अक्रोडाची ॲलर्जी असल्यास त्यांऐवजी भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया घालता येतात. एक वर्षाखालील बालकांना बॉट्युलिझमच्या धोक्यामुळे मध देऊ नये, असा वैद्यकीय संकेत आहे. तो भाजलेल्या पदार्थातील मधालाही लागू मानला जातो.

वनस्पती तूप किंवा मार्जरीन वापरताना वेष्टनावरील ट्रान्स फॅटचे प्रमाण पाहणे हिताचे असते. भारतात जानेवारी २०२२ पासून तेले आणि स्निग्ध पदार्थांतील औद्योगिक ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा २ टक्के आहे.